सेक्टर एकातला चकवा

पंजाबराव शिफ्टवरून घरी आले. टोपी खुंटीला अडकवली, मोरीत हातपाय धुतले, पाटावर बसले आणि म्हणाले, "वाढ वो, लय भूक लागली."

ताट आलं. भाताशेजारी मोहरीच्या तेलात न्हालेला मासा होता. पंजाबरावांच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी दचकून मान वर केली, तर समोर आपली सत्यभामा नव्हतीच! भांगभर शेंदूर भरलेली एक बंगाली बाई होती. नवऱ्याचा कुणी दोस्त जेवायला आला असेल, असं समजून त्या माउलीनं मुकाट वाढलं होतं. पंजाबराव जे उठले, ते टोपी तिथंच टाकून पळाले.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांची अकरा वर्षांची वच्छला हसून हसून जमिनीवर लोळली.

"बाबा, मंग मासा खाल्ला का?"

"चूप बैस!" पंजाबराव म्हणाले. पण त्यांच्याही मिशा हलत होत्या.

हे सन अठ्ठावन्नचं भिलाई. माळावर पोलादाचा कारखाना उभा राहत होता, आणि त्यासाठी कुठून कुठून माणसं आली होती. आंध्रातून, बंगालातून, पंजाबातून, थेट रशियातूनसुद्धा. पंजाबराव भंडाऱ्याकडच्या आमगावचे. शेती भावावर टाकून ते कारखान्याच्या रेल्वे यार्डात शंटिंगच्या कामाला लागले होते. राहायला सेक्टर एकमध्ये क्वार्टर मिळालं होतं. क्वार्टर पक्कं होतं, नळ होता, वीज होती. खोड एकच होती. सगळी क्वार्टरं एका साच्यातून काढलेल्या विटांसारखी दिसत. तेच दार, तीच खिडकी, तोच पिवळा चुना. दारांवर नंबर अजून पडले नव्हते. रंगारी आज येतो, उद्या येतो, असं सगळे म्हणत, आणि तोवर रोज कोणी ना कोणी दुसऱ्याच्याच घरात शिरे.

लोक हसत आणि विसरत. पण सत्यभामाबाईंची पाळी आली तेव्हा हसणं संपलं. त्या दुकानातून मीठ घेऊन परत येत होत्या. घरात शिरल्या आणि बघतात तर सगळी भांडी दुसऱ्याच जागी! त्यांना वाटलं, वच्छीनंच हा धुडगूस घातला. त्यांनी पदर खोचला, पोरीच्या नावानं शंख केला आणि डबे धडाधड जागेवर लावायला घेतले. तेवढ्यात मागच्या दारातून घरमालकीण आली. तिचं नाव नरसम्मा, विजयानगरमकडची. आपल्या घरात एक अनोळखी बाई डबे उचलते आहे, हे बघून तिनं तेलुगूत अशी काही आरोळी ठोकली की सगळी गल्ली जमली.

कोणीतरी "चोर, चोर" म्हणालं. लगेच उलगडा झाला, लोक हसत पांगले. पण तो शब्द सत्यभामाबाईंच्या कानातून जाईना. त्या दिवसापासून त्यांनी उंबरा ओलांडला नाही. इथली भाषा त्यांना येत नव्हती, ओळखीचं कोणी नव्हतं, आणि आता तर तोंड दाखवायलाही लाज वाटत होती.

"पोळा झाला का मी वच्छीले घेऊन आमगावले चालली," त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं. "तुमी राहा इथं, लोखंड खात."

वच्छलाला भिलाई सोडायचं नव्हतं. जिच्यावरून घसरगुंडी खेळावी अशी वाळू, ज्यांतून रांगत जावं असे मोठाले पाइप, हे आमगावात कुठून येणार? शिवाय बाबा एकटेच राहिले तर रोज कोणाकोणाच्या घरी जेवतील, काय नेम!

त्या दुपारी आईचा डोळा लागला तशी ती घाईघाईनं झगा अंगात घालून बाहेर पळाली. घाईत झगा उलटा घातला गेला, शिवण बाहेर. तिच्या ते गावीही नव्हतं. नाल्याजवळ सिमेंटचे पाइप रचून ठेवले होते, तिथं ती पोचली आणि जागीच थबकली.

पाइपावर एक प्राणी बसला होता. कोकराएवढा, मुरमासारखा तांबूस. कान पळसाच्या पानांसारखे गोल. पाय मात्र उलटे, टाचा पुढं आणि बोटं मागं. तो रस्त्याकडे टक लावून बघत होता.

रस्त्यानं सायकलवरून भैयालाल ओव्हरसियर येत होते. पोरं वाळूवर खेळताना दिसली की ते छत्री उगारून धावत, आणि "इस सेक्टर का चप्पा-चप्पा जानता हूँ" असं दिवसातून कितीदा तरी सांगत. ते कोपऱ्यावर आले. प्राण्यानं तळहातावर हलकेच फुंकर मारली. सायकल डावीकडे वळायची ती उजवीकडे वळली. ओव्हरसियर पूर्ण ओळीला फेरा घालून पुन्हा तिथंच आले. पुन्हा फुंकर, पुन्हा फेरा. अखेर ते सायकलवरून उतरले, घाम पुसला, इकडेतिकडे कोणी बघत नाही याची खात्री केली आणि तिथं चरत असलेल्या बकरीला हळूच विचारलं, "दफ़्तर किधर है?"

वच्छलाला हसू आवरलं नाही. प्राणी टुणकन वळला.

"अवो पोरी, तुले मी दिसून राहिलो?"

"दिसून राहिला नं. कान केवढाले हायेत तुझे!"

त्यानं तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि कपाळावर हात मारला. "उलटा झगा! हत् तुझी! उलटे कपडे घातले का मी दिसतोच."

तेव्हा वच्छलाला कळलं. आमगावची माणसं सांगत त्यातलाच हा चकवा, वाटसरूला वाट विसरायला लावणारा. भ्यायचं की नाही याचा ती विचार करत होती, पण त्याआधी तिला रागच आला.

"माझ्या बाबाले मासा तूच वाढवला?"

"मासा त्या बाईनं वाढला. मी फक्त दार दाखवलं," चकवा साळसूदपणे म्हणाला.

"आन् माझ्या मायले? तिले लोकं चोर म्हणाले, मालूम हाये? ते आता घराबाहेर निघत नाही. आमाले घेऊन गावाले चालली ते!"

चकव्याचे कान खाली पडले. हे त्याला ठाऊक नव्हतं. मग तो आपली कर्मकथा सांगू लागला. मरोदा गावाहून बाजाराला जाणारी पायवाट पूर्वी त्याची होती. मोहाच्या झाडापाशी वळण होतं, तिथं तो बसे. बाजारातून परतणाऱ्या एखाद्याला झाडाभोवती चार फेरे घालायला लावी आणि सोडून देई. तो माणूस घरी जाऊन आठ दिवस गोष्ट सांगे, सारं गाव भोवती बसून ऐके.

"माझ्यामुळं त्यायले गोष्टी भेटत होत्या," चकवा म्हणाला. "मंग तो पिवळा बुलडोझर आला. मोह गेला, वळण गेलं. त्याले मी लय फुंकर मारली. पण तो वाटेनं चालतच नाही! जिकडे जाते तिकडे वाट होते. त्याले चकवू कसा?"

"मंग तू इथं आला?"

"आलो. पन इथं काय मजा हाये? लोकं आपल्या आपणच चुकतात. मी फुंकर माराच्या आधीच चुकतात!"

वच्छला पाइपावर त्याच्या शेजारी बसली. तिच्या डोक्यात एक कल्पना वळवळू लागली होती. "आइक. चकवणं सोड म्हणलं तर सोडशील?"

"कोंबड्याले आरवू नको म्हण."

"मंग एक काम कर. परवा पोळा हाये. त्या नरसम्माले आमच्या घरात आणून सोड. ते पण चुकली म्हणजे माय अन् ते बराबर."

चकव्याचे डोळे चमकले. "फक्त तिलेच?"

"फक्त तिलेच," वच्छलानं बजावलं. चकव्यानं मान हलवली. पण चकव्याची मान ती! तीही उलटीच हलत असणार, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

पोळ्याच्या दिवशी सत्यभामाबाईंनी पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या, सार उकळत ठेवलं. वच्छलानं लाकडी नंदीला झेंडूची माळ घातली. पण बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. "बैल नाही, गोठा नाही, ओवाळू कोणाले?" असं म्हणून त्या डोळ्यांना पदर लावत होत्या. उन्हं कलली. बाबा शिफ्टवरून यायची वेळ झाली. वच्छलानं गुपचूप झगा उलटा केला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

नरसम्मा हातात चिंचेचा गोळा घेऊन नळावरून येत होती. कोपऱ्यावर चकवा बसलेला. फुंकर! नरसम्मा सरळ वच्छलाच्या घरात शिरली, चुलीपाशी गेली, उकळत्या साराचं झाकण काढलं, नाक मुरडलं आणि चिंच पिळून त्यात ओतली. वर मूठभर मिरचीही टाकली.

सत्यभामाबाई पोळपाट धुऊन मागच्या दारातून आत आल्या आणि बघतच राहिल्या. नरसम्मानं मान वळवली. तिनं भिंती पाहिल्या, लाकडी नंदी पाहिला, पोळ्यांची चळत पाहिली आणि हातातला डाव तिच्या हातून गळून पडला.

"अय्यो!"

सत्यभामाबाईंनी सावकाश पळीनं थोडं सार घेतलं, तळहातावर ओतून चाखलं. डोळ्यांत पाणी आलं. आणखी एकदा चाखलं.

"बाप्पा! झणझणीत झालं की वो," त्या म्हणाल्या आणि हसू लागल्या. नरसम्माला शब्द कळला नाही, पण हसणं कळलं. तिनं सत्यभामाबाईंकडे बोट केलं, मग स्वतःकडे केलं, डबे लावल्याची नक्कल केली आणि तीही हसू लागली. दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून अशा हसल्या की शेवटी जमिनीवरच बसल्या.

वच्छलाला वाटलं, झालं आपलं काम. तेवढ्यात दारातून भैयालाल ओव्हरसियर आत आले. त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली, सदरा काढला, खाटेवर पाय पसरले आणि डोळे मिटून म्हणाले, "मथुरा, ज़रा पाँव दबा दे."

मथुरा ही त्यांची बायको. ती इथं कशी असणार? नरसम्मानं तोंडात पदर कोंबला. सत्यभामाबाई लाटणं घेऊन पुढं झाल्या. ओव्हरसियरांनी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि मग ते असे उडाले की खाटेची सुतळी तुटली.

"ये… ये मेरा क्वार्टर नहीं है?"

"चप्पा-चप्पा!" वच्छला हळूच म्हणाली.

आता बाहेर धडधड आवाज सुरू झाला. भिंती थरथरल्या, खिडकीच्या काचा वाजल्या. सगळे दारात धावले. गल्लीतून साक्षात पिवळा बुलडोझर येत होता! वर सरदार गुरदयालसिंग बसले होते, मोठ्या खुशीत गात. दोन्ही बाजूंना क्वार्टरं असल्यामुळं यंत्राला गल्लीनंच चालणं भाग होतं, आणि वाटेनं चालणाऱ्याला चकवणं हा तर चकव्याचा हातचा मळ. गुरदयालसिंगांनी वच्छलाच्या दारासमोर यंत्र थांबवलं, उतरले आणि भोवती बघून दाढी खाजवू लागले.

"ओये, शेड कित्थे गया?"

गल्लीतली पोरं आरोळ्या ठोकत धावली. वच्छलानं नंदीच्या गळ्यातली झेंडूची माळ काढली आणि बुलडोझरच्या पुढच्या पात्याला बांधली. कोणी आईची जुनी साडी आणून त्याच्या पाठीवर झूल म्हणून टाकली. कोणी गेरूनं मोठे डोळे काढले. सत्यभामाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. आज किती दिवसांनी त्या उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या! त्यांनी आत जाऊन आरतीचं ताट आणलं, उंबरा ओलांडला आणि बुलडोझरला कुंकू लावून ओवाळलं.

"वावर हाच नांगरते नं आता," त्या म्हणाल्या. "मंग पोळा याचाच." आणि त्यांनी त्याच्यापुढं पुरणपोळी धरली. बुलडोझरनं काही खाल्ली नाही, ती गुरदयालसिंगांनी खाल्ली.

पण आता गंमत हाताबाहेर जायला लागली. गल्लीगल्लीतून हाका येऊ लागल्या. नवरे बायकांना शोधत होते, बायका पोरांना. नंदी ओढत निघालेली चिमुरडी कोपऱ्याकोपऱ्यावर भोकाड पसरून उभी होती. आणि पंजाबरावांचा पत्ताच नव्हता. सत्यभामाबाईंचं हसू मावळलं. "वच्छे, तुझे बाबा कावून नाही आले अजून?"

वच्छला चकव्याला शोधायला धावली. या गल्लीत नाही, त्या गल्लीत नाही. सेक्टरच्या पार टोकाला तिला हुंदके ऐकू आले. चकवा एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्याकडे धावत होता, धापा टाकत, कान लोंबलेले.

"थांब! पुरे कर आता! फक्त एकीले आण म्हणलं होतं मी!"

"पोरी, बुलडोझर चकवला मी!" तो रडत रडतच म्हणाला. "खुशीत धावत सुटलो. आता मले माझा पाइप सापडून नाही राहिला. सारी घरं सारखीच! मलेच चकवा लागला वो!"

वच्छलाला हसावं की रडावं कळेना. "मंग सगळ्यायचा चकवा उतरव आधी."

"मी बसलो का उतरते. पन हरवलेला बसते कसा? जीव घाबरते नं!"

वच्छलानं त्याचा पंजा धरला. तिला या गल्ल्या डोळ्यांनी ओळखता येत नव्हत्या, पण नाकानं येत होत्या. रोज उंडारून उंडारून तिला सगळ्यांच्या चुली पाठ झाल्या होत्या. "हे मोहरीचं तेल, म्हणजे बंगाल्यायची ओळ. आता कढीपत्ता आला, हे नरसम्माची गल्ली. हा करपलेला वास… हे तर सरदारजीचं घर, त्यायची बायको गावाले गेली हाये." असं करत तिनं त्याला थेट नाल्याकाठच्या पाइपाजवळ आणलं. चकवा आत शिरला, कोपऱ्यात टेकला आणि त्यानं मोठ्ठा श्वास सोडला.

त्याबरोबर सेक्टरभर जणू कोणी दिवा लावला. "अरे, हे तर आपलं घर!" असं म्हणत माणसं आपापल्या दारांकडे वळली. रडणारी पोरं धावत आयांना बिलगली.

वच्छला परतली तेव्हा कोपऱ्यावर तिचे बाबा आणि भैयालाल ओव्हरसियर समोरासमोर उभे होते. पंजाबराव ओव्हरसियरांच्याच क्वार्टरात गेले होते. मथुराबाईंनी साहेबांचा पाहुणा समजून त्यांना पोळ्यासाठी तळलेल्या ठेठरी-खुरमीनं पोट फुटेस्तोवर जेवू घातलं होतं.

"आपके घर का खाना बहोत अच्छा है," पंजाबराव अदबीनं म्हणाले.

"आपकी खाट कमज़ोर है," ओव्हरसियर म्हणाले आणि उघड्याच अंगानं, छत्री उघडून, तोंड झाकत घराकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरसम्मानं हाक मारली आणि सत्यभामाबाई तिच्याबरोबर बाजाराला गेल्या. परत आल्या त्या कढीपत्त्याची जुडी घेऊन. आमगावचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि पंजाबरावांनीही शहाणपणानं आठवण करून दिली नाही.

चकव्याचं मात्र मन उडालं होतं. वच्छला झगा उलटा घालून भेटायला गेली तेव्हा तो म्हणाला, "इथं राहिलो तर माझं नाक कापलं जाईल. जिथं झाडं हायेत, वाकड्यातिकड्या वाटा हायेत, असा मुलुख सांग."

वच्छलानं जेवताना सहज विचारल्यासारखं बाबांना विचारलं, "बाबा, रिकामे डबे घेऊन गाडी कुठं जाते?"

"दल्लीले. लोखंडाच्या दगडाची खदान हाये तिथं. डोंगर अन् नुसतं जंगल! रस्ता चुकला तर मानूस दोन दिवस सापडत नाही."

मग एका सकाळी वच्छला उलट्या झग्यातच बाबांना जेवणाचा डबा द्यायला यार्डाकडे गेली. डबा तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, कारण काखेत पोतं होतं आणि पोत्यात काहीतरी वळवळत होतं. फाटकाबाहेर रिकाम्या डब्यांची लांबलचक गाडी उभी होती. तिनं पोत्याचं तोंड सोडलं. चकव्यानं एका उडीत गाडीचा डबा गाठला.

"पोरी, दल्लीच्या वाटेवर कधी आलीस अन् चुकलीस, तर समज मी हाये."

"अन् मी बराबर सापडीन तुले."

"ते बघू!" चकवा म्हणाला आणि कान फडफडवून हसला. इंजिननं शिट्टी दिली. डबे एकमेकांवर आदळत, खडखडत निघाले. वच्छला हात हलवत राहिली.

पंजाबराव फाटकापाशी डबा घ्यायला आले होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं. त्यांना डब्यात कोणीच दिसलं नाही.

"कोणाले हात दाखवून राहिली वो?"

"गार्डले," वच्छला म्हणाली.

शेवटच्या डब्यातल्या गार्डनं बघितलं, पोर आपल्यालाच हात करते आहे असं समजला, आणि त्यानंही हिरवा झेंडा जोरजोरात हलवला.